लैंगिक समस्येसाठी तज्ज्ञाकडे प्रत्यक्ष जावे की ऑनलाइन थेरपी घ्यावी?

गोदातीर (धागाकर्ती)

नमस्कार. या संकेतस्थळावर मी बरीच वर्षे वाचनमात्र आहे. हा विषय मांडता यावा म्हणून नवा आयडी घेतला आहे, तेवढे समजून घ्यावे.

आमच्या लग्नाला अडीच वर्षे झाली. माझे वय ३१, नवऱ्याचे ३४. आमच्यात जवळीक आहे, एकमेकांची ओढही आहे; परंतु समागम मात्र आजवर एकदाही होऊ शकलेला नाही. प्रयत्न सुरू झाला की माझे अंग आखडते, मांड्या आपोआप मिटतात आणि इतके दुखते की डोळ्यांत पाणी येते. इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी पाहून सांगितले की सगळे नॉर्मल आहे, मनावर ताण घेऊ नका, चार दिवस कुठेतरी फिरून या. आम्ही महाबळेश्वरला गेलो, स्ट्रॉबेरी खाल्ली आणि जसे गेलो तसे परत आलो.

आता आमच्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला पर्याय पुण्यातील एका खासगी लैंगिक समस्या तज्ज्ञांचा आहे. पहिल्या भेटीला दोघांनी यायचे, ती सव्वा तासाची असते आणि तिची फी तीन हजार रुपये आहे; त्यापुढची प्रत्येक भेट अडीच हजारांची. नाशिकहून पुण्याला जाऊन यायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि नवऱ्याला शनिवारची सुट्टी नसते. दुसरा पर्याय म्हणजे ऑनलाइन थेरपीचे एक अ‍ॅप. त्यात सहा सेशनचे पॅकेज साडेसहा हजारांत मिळते. पैसे आगाऊ भरायचे आणि समुपदेशक कोण असावा, हे अ‍ॅपच ठरवते. मात्र घरात सासू-सासरे आणि दीर आहेत, शेजारच्या खोलीतला खोकला आमच्या खोलीत ऐकू येतो, तेव्हा ऑनलाइन बोलायचे तरी कुठे बसून, हा प्रश्न आहेच.

यांपैकी काही ज्यांनी केले आहे, त्यांनी आपला अनुभव सांगावा. डॉक्टरांची नावे आणि नंबर कृपया धाग्यात देऊ नयेत.

तळेगावकर

माझी अडचण वेगळी होती, म्हणजे ताठरतेची. वय ४६. मी आधी ऑनलाइनच गेलो, कारण रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर रंगवलेल्या 'गुप्तरोग' या शब्दाची लहानपणापासून एवढी धास्ती बसलेली होती की तसली पाटी असलेला जिना चढण्याची माझी छाती नव्हती.

घरी मुले असल्यामुळे सेशनसाठी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसत असे. फोन स्टिअरिंगला टेकवून ठेवायचा आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून काचा वर करायच्या. काचा वर केल्या की एसी लागतो, एसीसाठी इंजिन चालू ठेवावे लागते, आणि इंजिन चालू दिसले की रखवालदार काचेवर टकटक करून विचारतो, "साहेब, निघताय ना? मागची गाडी काढायची आहे." आयुष्यातले सर्वांत अवघड वाक्य कसेबसे अर्ध्यावर आणलेले असताना त्याला हाताने "नाही, नाही" अशी खूण करण्याचा प्रसंग माझ्यावर दोनदा आला.

समुपदेशक बाई सुसंस्कृत होत्या, त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. कामाचा ताण, पत्नीशी संवाद, श्वसनाचे व्यायाम असे आमचे चालले होते. तिसऱ्या सेशननंतर समुपदेशक बदलल्या आणि नव्या व्यक्तीला सारी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. पाच सेशन झाली, पण शेवटची साखर कधी तपासली आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे दोघींपैकी एकीनेही विचारले नाही. पुढे कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ९.४ निघाले, म्हणजे मधुमेह होता. ज्या डॉक्टरांकडे मग गेलो त्यांचा पहिला प्रश्न होता, "पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का?" ती असते तेव्हा मनाकडे बोट जाते, आणि ती हळूहळू कमी होत गेलेली असली तर रक्तवाहिन्या, मज्जातंतू किंवा हार्मोन यांच्याकडे पाहावे लागते. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून बारीक असतात, त्यामुळे हृदयविकाराची पहिली चाहूल कधीकधी इथेच लागते, हेही त्यांनीच सांगितले.

म्हणून माझे मत असे की शरीराची एकदा नीट तपासणी होईपर्यंत कोणत्याही पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नयेत. तरीही ऑनलाइन सेशन वाया गेली, असे मी म्हणणार नाही. तो विषय तोंडाने उच्चारायला मी तिथेच शिकलो, आणि तसे झाले नसते तर डॉक्टरांसमोरही बहुधा ॲसिडिटीची गोळी मागून परत आलो असतो.

सुईणआजी

गोदातीर, मी निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि तू माझ्या मुलीपेक्षाही लहान असशील, म्हणून एकेरी संबोधते.

"सोनोग्राफी नॉर्मल आहे" या वाक्याचा तुझ्या तक्रारीशी फारसा संबंध नाही. सोनोग्राफीत गर्भाशय आणि बीजकोश दिसतात. योनीमुखाभोवतीचे स्नायू भीतीने किंवा वेदनेच्या नुसत्या अपेक्षेने कसे आवळले जातात, ते तिथे दिसत नाही. तू जे वर्णन केले आहेस त्याला आम्ही वर्षानुवर्षे व्हजायनिस्मस किंवा योनिआकर्ष म्हणत आलो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या वर्गीकरणात हा विकार आणि समागमाच्या वेळी होणारी वेदना यांना एकाच नावाखाली आणले, कारण आधी दुखणे आले की आधी आवळणे आले, हे वेगळे करून सांगणे बहुतेक वेळा शक्यच नसते. मात्र हे तुझे निदान आहे, असे समजू नकोस. योनीमुखावरचा पडदा जाड असणे, योनीत जन्मजात पडदी असणे, जंतुसंसर्ग, योनीमुखाची त्वचा हुळहुळी असणे, ही कारणेही असू शकतात आणि ती पाहिल्याशिवाय कळत नाहीत. पाहणे म्हणजे फार भयंकर काही नसते. आधी नुसते डोळ्यांनी पाहायचे, मग कापसाच्या बोळ्याने हलका स्पर्श करून नेमके कुठे दुखते ते शोधायचे, आणि तू हो म्हणालीस तरच एक बोट. "थांबा" म्हटल्यावर जे डॉक्टर थांबत नाहीत त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जायचे नाही. तपासणीच्या वेळी खोलीत दुसरी स्त्री असावी, असा आग्रह धरण्यात काहीही गैर नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. लैंगिक थेरपी म्हणजे क्लिनिकमध्ये काहीतरी करून घेतात, असा अनेकांचा समज असतो आणि तो साफ चुकीचा आहे. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या संशोधकांनी अमेरिकेतील सेंट लुईस येथे ही पद्धत बसवली आणि १९७० साली ती ग्रंथरूपाने मांडली. जोडप्याने दोन आठवडे त्या गावात राहायचे, एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोन थेरपिस्टांशी रोज बोलायचे आणि नेमून दिलेले स्पर्शाचे व्यायाम आपल्या मुक्कामाच्या खोलीत, दोघांनीच करायचे, अशी ती रीत होती. त्यात सुरुवातीला समागमाला चक्क बंदी असते. "आज जमायलाच हवे" हे ओझे उतरले की शरीर सैल सोडायला मोकळीक मिळते. म्हणजे खरा उपचार तेव्हाही घरातल्या खोलीतच होत होता. थेरपिस्ट ऐकतो, समजावतो आणि पुढचा गृहपाठ देतो. तो रुग्णाला हात लावत नाही, कपडे काढायला सांगत नाही. त्यामुळे बोलण्याचा भाग व्हिडिओवर झाला तर माझा विरोध नाही. तपासणी आणि डायलेटर वापरायचे पहिले शिक्षण हे मात्र प्रत्यक्षच व्हायला हवे. डायलेटर म्हणजे चढत्या आकाराच्या गुळगुळीत नळ्या. सर्वांत लहान नळी करंगळीएवढी असते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आता मोठ्या शहरांतून सापडतात, त्या हे उत्तम शिकवतात.

दोन इशारे देऊन ठेवते. काही व्हिडिओ आणि अ‍ॅप अशा तक्रारीवर सरसकट केगेलचे, म्हणजे हे स्नायू आवळून धरण्याचे, व्यायाम सांगतात. तुझे स्नायू आधीच आवळलेले आहेत, तुला ते सोडायला शिकायचे आहे. दुसरे असे की घरातून नातवंडाचा धोशा सुरू झाला की अशी जोडपी थेट वंध्यत्व केंद्रात जातात आणि समागम झालेलाच नाही, ही गोष्ट न सांगता आययूआयच्या (वीर्य नळीने गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराच्या) रांगेत उभी राहतात. अशा मुलींची बाळंतपणे मी केली आहेत. मूल झाले, मूळ दुखणे तसेच राहिले.

कलमबहाद्दर

सुईणआजींनी वैद्यकीय बाजू मांडली आहेच, मी पाटीमागचे कागद पाहतो.

आपल्याकडे 'सेक्स थेरपिस्ट' या नावाला स्वतंत्र कायदेशीर संरक्षण नाही. त्यामुळे पाटीवर काय लिहिले आहे याला महत्त्व न देता त्या व्यक्तीची मूळ पदवी आणि नोंदणी विचारावी. ती व्यक्ती एमबीबीएस किंवा त्यापुढील पदवीची असेल तर राज्याच्या वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो; क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. नुसता 'समुपदेशक' असेल तर त्याने कुठे, किती काळ आणि कोणाच्या हाताखाली शिक्षण घेतले, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. हा प्रश्न विचारल्यावर जो चिडतो त्याने उत्तर दिलेलेच असते.

ऑनलाइन बाजूला २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती वाचायला कंटाळवाणी असली तरी रुग्णाच्या कामाची आहेत. यादीतल्या प्रत्येक डॉक्टरचे नाव, पात्रता आणि नोंदणी क्रमांक देणे ही प्लॅटफॉर्मची जबाबदारी आहे, आणि प्लॅटफॉर्मवरील कृत्रिम बुद्धिमत्तेला रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची परवानगी नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. ही तत्त्वे डॉक्टरांसाठी आहेत. डॉक्टर नसलेले समुपदेशक त्यांच्या कक्षेत येत नाहीत. अ‍ॅपवर 'थेरपिस्ट' आणि 'डॉक्टर' ही नावे एकाच रांगेत दिसतात तेव्हा हा फरक नजरेतून निसटतो. तसेच सिल्डेनाफिल आणि तत्सम ताठरतेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नसतात. छातीत दुखते म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकते. वाढीव सामर्थ्याची हमी देणाऱ्या जाहिरातींना तर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यानेच बंदी आहे. ती बंदी किती पाळली जाते, हे तळेगावकरांच्या भिंतींना विचारावे.

गोपनीयतेबद्दल मात्र ऑनलाइनवाल्यांनी जास्त दक्ष राहावे. क्लिनिकमधला केसपेपर कपाटात पडून असतो, अ‍ॅपमधली प्रश्नावली कुठे जाते ते दिसत नाही. अमेरिकेत बेटरहेल्प या कंपनीने लोकांचे ईमेल पत्ते आणि आरोग्याच्या प्रश्नावलीतील माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट इत्यादींना पुरवली, असा ठपका तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२३ साली ७८ लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला. आपल्याकडे त्याच वर्षी वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. तरीही नोंदणी करताना कार्यालयाचा ईमेल देऊ नये आणि संपर्क-यादी पाहण्याची परवानगी अ‍ॅपने मागितली तर ती नाकारावी, एवढे आपल्या हातात आहेच.

अवांतर: अनोळखी माणसाला दुरून लैंगिक प्रश्न विचारण्याची सोय मराठीत नवी नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' या आपल्या मासिकातून वाचकांच्या असल्या पत्रांना छापील उत्तरे देत असत. त्यावरून झालेल्या १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली होती.

रोखठोक

सगळे ठीक आहे, पण हिशेब कोणीच केला नाही. पॅकेजमधले एक सेशन किती मिनिटांचे आहे?

गोदातीर

तीस मिनिटांचे. आणि पहिले सेशन झाल्यावर उरलेले पैसे परत मिळत नाहीत, असे बारीक अक्षरांत लिहिलेले आज सापडले.

रोखठोक

म्हणजे साडेसहा हजार भागिले १८० मिनिटे, साधारण ३६ रुपये मिनिट. पुण्याची पहिली भेट तीन हजार भागिले ७५, म्हणजे ४० रुपये मिनिट. ज्याला तुम्ही स्वस्त समजत होता तो पर्याय चार रुपयांनी स्वस्त आहे. प्रवासखर्च धरला तर फरक वाढेल, हे मान्य. पण अ‍ॅपमध्ये निम्मे सेशन "आमचे लग्न कधी झाले" यातच संपणार.

आणि ज्यांना हे दोन्ही परवडत नाही त्यांचे काय? सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि मुंबईत महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात, तिथे हे प्रश्न ऐकून घेतले जातात. मुंबईच्या केईएममध्ये तर डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा स्वतंत्र विभागच उभा केला. सरकारी रुग्णालयातली गर्दी पाहून लाज वाटते, असे लोक म्हणतात. मला उलटा अनुभव आला. रांगेत साठ माणसे असताना तुमच्याकडे बघायला कोणालाच वेळ नसतो. ताण फारच असह्य झाला तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे पैसे पडत नाहीत. मात्र ती लैंगिक थेरपी नव्हे.

खलाशीण

माझे यजमान मालवाहू बोटीवर असतात, वर्षातले सात-आठ महिने घराबाहेर. आमच्यापुढे निवड नव्हतीच. मी चिपळूणला, ते समुद्रावर आणि थेरपिस्ट मुंबईत, अशी तिघांची सेशन आम्ही केली आहेत. बोटीवरचे नेट गेले की पडद्यावर त्यांचा चेहरा गोठायचा. एकदा तो नेमका जांभई देताना गोठला, आणि त्या दिवशी तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही या विषयावर हसलो.

मला उपयोगी पडली ती एकच गोष्ट. आम्ही अ‍ॅपवरून आलेला माणूस घेतला नव्हता. यजमान सुट्टीवर असताना त्या थेरपिस्टना आम्ही दोघे प्रत्यक्ष भेटलो, तपासण्या झाल्या, आणि त्यानंतरची सेशन त्यांच्याशीच व्हिडिओवर ठेवली. स्पर्शाचे व्यायाम दोघे एकत्र असल्याशिवाय होत नाहीत, म्हणून त्यांनी आमचा कार्यक्रम बोटीच्या वेळापत्रकाला बांधून दिला: दूर असताना बोलणे आणि माझे एकटीचे व्यायाम, सुट्टीत दोघांचे. हे तयार पॅकेजमध्ये बसले असते, असे मला वाटत नाही. गोदातीर, पुण्याच्या तज्ज्ञांना पहिल्या भेटीनंतर व्हिडिओवर सेशन घ्याल का, असे विचारून पाहावे. पुष्कळ जण आता घेतात, फक्त पाटीवर लिहीत नाहीत.

जागेबद्दल सांगायचे तर मी मैत्रिणीच्या शिवणवर्गाची खोली दुपारी दोन ते तीन या वेळेत मागून घेत असे. तिला कारण विचारायची सवय नाही.

पारनेरी

एक शंका आहे. धागाकर्तीच्या पतीचे या सर्वांवर काय म्हणणे आहे? संपूर्ण चर्चेत ते कुठेच दिसत नाहीत. माझ्या बाबतीत मी पत्नीला एकटीलाच पाठवत राहिलो, "तुझा प्रॉब्लेम आहे, तू जाऊन ये" असे म्हणत, आणि त्यात आमचे दीड वर्ष गेले. पहिल्याच जोडीच्या भेटीत लक्षात आले की तिला दुखेल या भीतीने मीही आक्रसून जात होतो आणि ती माझा चेहरा पाहून आणखी आखडत होती.

सुईणआजी

पारनेरी, अगदी नेमके बोललात. अशा जोडप्यांत नवऱ्याची ताठरताही काही काळाने जायला लागते, आणि मग खरा दोष कोणाचा, यावर दोन्ही घरे भांडत बसतात.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात बरेच घडले.

पारनेरी यांचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "हा माणूस आपल्या घरात राहतो का?" त्याने रजा काढली आणि आम्ही पुण्याला जाऊन आलो. घरी सांगितले की त्याच्या मित्राच्या फ्लॅटची वास्तुशांत आहे. सासूबाईंनी आहेराचे पाकीटही दिले, ते अजून माझ्या पर्समध्येच आहे.

पहिला अर्धा तास थेरपिस्टनी दोघांशी एकत्र आणि नंतर दहा-दहा मिनिटे वेगवेगळे बोलणे केले. तपासणी त्यांनी स्वतः केली नाही, त्याच इमारतीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. त्या बाईंनी माझ्या हातात आरसा दिला आणि स्वतः काही करण्याआधी मलाच पाहायला सांगितले. एकतीस वर्षांत मी ते कधीही केले नव्हते. शरीरात अडथळा काही नाही, स्नायू आवळलेले आहेत, असे त्यांनी सांगितले. सध्या समागमाला पूर्ण बंदी आहे आणि त्याने आम्हा दोघांनाही इतके हलके वाटते आहे की आम्ही परवा रात्री दीडपर्यंत नुसते बोलत होतो.

पुढची सेशन दर पंधरा दिवसांनी व्हिडिओवर आणि दर चौथे सेशन प्रत्यक्ष, असे ठरले आहे. व्हिडिओची फी थोडी कमी आहे. अ‍ॅपचे पैसे भरले नाहीत. बसायच्या जागेचाही प्रश्न सुटला: नवऱ्याच्या ऑफिसातली एक बैठकीची खोली संध्याकाळी सातनंतर रिकामी असते, फक्त भिंतीवर विक्रीचे आलेख आहेत, तेवढे कॅमेऱ्यात येऊ द्यायचे नाहीत.

आता एकच मदत हवी आहे. डायलेटरचे पहिले शिक्षण फिजिओथेरपिस्टकडून घ्यायला सांगितले आहे आणि त्यासाठी दर आठवड्याला पुण्याला जाणे जमणार नाही. नाशिकमध्ये किंवा जवळपास ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे काम करणाऱ्या कोणी महिला फिजिओथेरपिस्ट माहीत आहेत का?

खलाशीण

माझी मावसबहीण तुमच्याच शहरात एकींकडे बाळंतपणानंतर जात होती, तिला विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. पाहावा.